‘रेसाका’चं इंग्रजी काय करायचं?

गेल्या महिन्यात या सदरात स्पॅनिशमधल्या समुद्राच्या शब्दांचा ओझरता उल्लेख झाला. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त पत्रं सर्फिंग आणि किनारा याच विषयावरची निघाली. स्पॅनिश शिकलेल्या बऱ्याच जणांना पहिलंवहिलं काम मिळतं ते असंच: सर्फ शाळेची पुस्तिका, किनाऱ्यावरचा फलक, प्रवासावरचा एखादा लेख. मजकूर छोटा आणि वाक्यं सोपी, म्हणून ते नवख्याला दिलं जातं. मला हे काम कधीच सोपं वाटलेलं नाही, म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : ताई, उत्तर स्पेनच्या किनाऱ्यावरच्या कान्ताब्रियातल्या एका सर्फ शाळेची पुस्तिका मी स्पॅनिशमधून इंग्रजीत करते आहे. तिच्यात ‘रेसाका’ हा शब्द अकरा वेळा आला आहे. शब्दकोशात ‘अंडरटो’ दिलंय आणि त्याखाली ‘हँगओव्हर’. दुसरा अर्थ नको हे कळतं. पण अकराही ठिकाणी ‘अंडरटो’ लावलं तर चालेल ना?

उत्तर : नाही चालणार. हे मी माझ्याच चुकीवरून सांगते आहे.

हे काम सुरू करून मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. कान्ताब्रियातल्याच एका किनाऱ्यासाठी इशाऱ्याचे फलक करायचे होते. मूळ मजकूर जेमतेम तीन शब्दांचा: ‘पेलीग्रो, फुएर्ते रेसाका’. मी शब्दकोश पाहिला, ‘डेंजर, स्ट्राँग अंडरटो’ लिहिलं आणि पाठवून दिलं. फलक लागले. महिनाभरानं मी तिथे गेले, तेव्हा सर्फिंग शिकवणाऱ्या एका माणसानं मला फलकापाशी थांबू न देता थेट खाली वाळूत नेलं. ओहोटी होती. त्यानं टाचेनं ओल्या वाळूत किनाऱ्याला समांतर असे दोन लांबट उंचवटे काढले, मधे हातभर फट ठेवून. ‘हे पाण्याखालचे वाळूचे दांडे. लाटा यांच्यावर फुटतात, पाणी आत येऊन साठतं. त्याला परत जायला वाट पाहिजे ना? ती ही.’ असं म्हणत त्यानं त्या फटीतून टाच समुद्राच्या दिशेनं ओढत नेली. मग समोर बोट केलं. दोन बाजूंना पांढरा फेस उसळत होता आणि मधे एक काळसर पट्टा होता, गुळगुळीत, लाट न फुटणारा. ‘पोहायला नवीन आलेला माणूस कुठे उतरेल?’ मी त्या शांत पट्ट्याकडे बोट दाखवलं. ‘बरोबर. सगळे तिथेच उतरतात. तुझा फलक वाचूनसुद्धा.’

तो पट्टा म्हणजे रिप करंट. अंडरटो म्हणजे फुटलेल्या लाटेचं पाणी पायाखालून, तळाशी घसरत मागे जातं ती ओढ. उताराच्या किनाऱ्यावर ती घोट्याला झोंबते, पोरांना पाडते, पण पुढची लाट आली की संपते. रिप करंट खाली खेचत नाही, बाहेर नेतो. अरुंद पट्ट्यातून, सलग, लाटा फुटतात त्या रेषेच्या पलीकडेपर्यंत. ‘अंडरटो’ वाचलेल्या माणसाच्या डोक्यात बसतं की पाणी आपल्याला बुडवणार. मग तो जीव खाऊन सरळ किनाऱ्याकडे हात मारायला लागतो आणि प्रवाहाविरुद्ध दमून जातो. ‘रिप करंट’ वाचलेला इंग्रजी वाचक बहुधा लहानपणी शिकलेला असतो की तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहायचंच तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं. एका शब्दावर इतकं सगळं टांगलेलं असतं. फलक मी बदलून घेतले, खर्च स्वतः केला. पण ते महिनाभर तिथे उभे होते, हे अजून मनातून जात नाही.

आता तुमचे अकरा ‘रेसाका’. मुळात या शब्दाचा अर्थ किनाऱ्याला पोचलेल्या लाटेचं मागे फिरणं. बोलताना मात्र स्पेनमधले लोक दोन्हीला रेसाकाच म्हणतात, आपण दोन्हीला ‘ओढ’ म्हणतो तसंच. म्हणूनच मराठी माणसाला यात काही अडल्यासारखं वाटत नाही आणि तो फसतो. प्रत्येक वाक्यातलं क्रियापद बघा. रेसाका माणसाला ‘मार आदेन्त्रो’, म्हणजे खोल समुद्रात नेत असेल, तर रिप करंट. ‘कोर्रिएन्ते दे रेसाका’ किंवा ‘कोर्रिएन्ते दे रेतोर्नो’ असं पूर्ण लिहिलं असेल तर डोळे मिटून रिप करंट. फक्त काठावरच्या पायाखालच्या ओढीबद्दल असेल, तर ‘बॅकवॉश’ लिहा. ‘अंडरटो’ मी आता वापरतच नाही. आणि पुस्तिकेत पुढे कुठेतरी ‘आत जायला रेसाकाचा फायदा घ्या’ असंही असेल. ते चुकून आलेलं नाही. सराईत सर्फर त्याच पट्ट्यातून विनासायास लाटांच्या मागे पोचतात.

त्या वाक्यात आणखी एक खाच आहे. स्पॅनिशमध्ये पाण्यात उतरणं म्हणजे ‘एन्त्रार’, आत जाणं. किनाऱ्यावर परतणं म्हणजे ‘सालीर’, बाहेर येणं. आपणही असंच बोलतो. इंग्रजी सर्फरचं नेमकं उलट. तो समुद्राकडे जातो तेव्हा ‘पॅडल आउट’ करतो आणि परततो तेव्हा ‘कम इन’. स्पॅनिश माणूस पाण्याला घर धरून बोलतो, इंग्रजी माणूस जमिनीला. पुस्तिकेतलं प्रत्येक आत-बाहेर पुन्हा तपासा. आणि ‘रेमार’ला शब्दकोश ‘रो’ म्हणेल. फळीवर पालथं पडून हातानं पाणी मारण्याला ‘पॅडल’च म्हणायचं.

प्रश्न : ‘बिएन्तो दे मार’ म्हणजे समुद्रावरचा वारा, म्हणून मी ‘ऑफशोअर विंड’ केलं. संपादकांनी लाल रेघ मारून परत पाठवलं. चूक काय झाली?

उत्तर : पूर्ण उलटं झालं. स्पॅनिशमध्ये वाऱ्याला तो येतो कुठून त्यावरून नाव. ‘बिएन्तो दे मार’ समुद्रावरून येतो, ‘बिएन्तो दे तिएर्रा’ किंवा ‘तेर्राल’ जमिनीवरून. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, तेही उगमावरूनच. ‘ऑनशोअर’ आणि ‘ऑफशोअर’ हे शब्द मात्र वारा जातो कुठे ते सांगतात. म्हणून बिएन्तो दे मार म्हणजे ऑनशोअर आणि तेर्राल म्हणजे ऑफशोअर.

लाल रेघेचा राग मानू नका. जमिनीवरून येणारा वारा लाटेचा चेहरा थोपवून धरतो, लाट उशिरा आणि स्वच्छ फुटते; सर्फर त्याचीच वाट बघतात. तोच वारा हवेनं फुगवलेल्या गादीवर लोळणाऱ्या मुलाला गुपचूप खोल पाण्यात नेतो. समुद्रावरून येणारा वारा लाटा विस्कटून टाकतो. हे दोन शब्द अदलाबदल झाले की सर्फरची सकाळ वाया जाते आणि पोहणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. मालागाच्या मजकुरात ‘तेर्राल’ आला तर मात्र जपून. तिथे तो आतल्या मुलखातून येणारा कोरडा, भाजून काढणारा वारा आहे. तिथे शब्द तसाच ठेवून पुढे चार शब्दांत खुलासा करावा.

प्रश्न : उत्तर स्पेनमधल्या मुन्दाका गावच्या प्रसिद्ध लाटेला मूळ लेखात ‘इस्किएर्दा’, डावी, म्हटलंय. किनाऱ्यावरून काढलेल्या फोटोत ती उजवीकडे फुटत जाताना दिसते. लेखकाची चूक सुधारू का?

उत्तर : अजिबात नको. डावं-उजवं ठरतं ते लाटेवर उभं राहून किनाऱ्याकडे तोंड केलेल्या माणसाचं. किनाऱ्यावर उभ्या असलेल्याला ते उलटं दिसणारच. इंग्रजीतही ती ‘लेफ्ट’च. त्याच लेखात ‘बार्रा’ आला असेल, तो ‘सँडबार’. आणि ‘रिआ’ म्हणजे तिथली उर्दाइबाईची खाडी, इंग्रजीत ‘एस्चुअरी’. या दोन शब्दांत त्या लाटेचा सगळा जीव आहे. २००३ मध्ये खाडीत गाळ उपसला गेला, दांड्याची वाळू हलली आणि लाट बिघडली. इतकी की २००५ ची तिथली मोठी स्पर्धा रद्द करावी लागली. ‘बार्रा’ला नुसतं ‘बार’ लिहिलंत तर वाचक तिथे मद्यालय शोधेल.

प्रश्न : हवामानाच्या स्पॅनिश बातमीपत्रात ‘मारेहादा’ आहे. एक शब्दकोश ‘स्वेल’ म्हणतो, दुसरा ‘हेवी सी’. माझे सहकारी म्हणतात, ‘स्लाइट’ लिही. हे कसं शक्य आहे?

उत्तर : सहकाऱ्यांचं बरोबर आहे, मजकूर स्पेनच्या हवामान खात्याचा असेल तर.

तिथे हे शब्द वर्णनाचे नाहीत, मोजपट्टीवरच्या खुणा आहेत. समुद्राच्या अवस्थेची डग्लस श्रेणी आहे. तिच्यात लाट ०.१ ते ०.५ मीटर असेल तर ‘मारेहादिया’, ०.५ ते १.२५ मीटर म्हणजे ‘मारेहादा’; १.२५ ते २.५ मीटर ‘फुएर्ते मारेहादा’, २.५ ते ४ मीटर ‘ग्रुएसा’. इंग्रजी श्रेणीत याच मापांना अनुक्रमे स्मूद, स्लाइट, मॉडरेट आणि रफ म्हणतात. ‘फुएर्ते’ म्हणजे जोरदार, आणि तरी इंग्रजीत ‘मॉडरेट’ लिहायचं, याला हात धजावत नाही, मला माहीत आहे. तरी लिहा. बोटीवरचा माणूस ते वाचून मनात मीटर मोजतो. तुम्ही ‘हेवी’ लिहिलंत तर तो बंदरातच थांबेल. ‘मार आर्बोलादा’चं तर अक्षरशः ‘झाडांनी भरलेला समुद्र’ होईल. ती ६ ते ९ मीटरची अवस्था आहे, इंग्रजीत ‘हाय’.

आता पत्ता बदला. तोच शब्द चिलीतून आला, नौदलाच्या हवामान सेवेनं ‘मारेहादास’चा इशारा दिला, की अर्थ फिरतो. तिथे मारेहादास म्हणजे दूरच्या वादळातून निघून किनाऱ्यावर येऊन आपटणाऱ्या दांडग्या लाटा. ऑगस्ट २०१५ मध्ये वालपराइसो आणि बिन्या देल मारच्या किनारी रस्त्यांवर त्यांनी धुमाकूळ घातला होता. तिथे ‘स्लाइट’ लिहिणं म्हणजे गुन्हाच. ‘हाय सर्फ’ किंवा ‘डेंजरस स्वेल’ लिहा. ‘स्टॉर्म सर्ज’ नको. त्यात समुद्राची पातळीच चढते, ती वेगळी गोष्ट. पेरूत याच प्रकाराला ‘ओलेआहेस आनोमालोस’ म्हणतात. म्हणून अशा मजकुराला हात लावण्याआधी तो कुठल्या देशातल्या कुठल्या खात्याचा आहे, हे बघायची मी सवयच लावून घेतली आहे.

शब्दकोशातल्या ‘स्वेल’साठी, म्हणजे दुरून चालत आलेल्या लाटांसाठी, स्पॅनिशचा खरा शब्द ‘मार दे फोन्दो’. स्थानिक वाऱ्यानं उठलेल्या लाटा म्हणजे ‘मार दे बिएन्तो’. खलाशांसाठी लिहीत असाल तर ‘विंड सी’, सर्फरसाठी ‘विंड स्वेल’. बातमीपत्रातली उंची मीटरमध्येच राहू द्या. ती बहुधा सर्वांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, आणि फूट सांगणारे सर्फर सगळे एकाच पद्धतीनं मोजत नाहीत. हवाईत तर लाट मागून मोजायची रीत आहे, समोरून दिसते त्याच्या साधारण निम्मी.

प्रश्न : ‘मारेआस बिबास’, ‘मारेआस मुएर्तास’ आणि ‘कोएफिसिएन्ते ९५’ हे एकाच ओळीत आलं आहे. जिवंत आणि मेलेल्या भरत्या?

उत्तर : आपल्याकडे यांना नेमके शब्द आहेत: उधाण आणि भांग. अमावास्या-पौर्णिमेचं ते उधाण, अष्टमीच्या सुमाराचा तो भांग. इंग्रजीत ‘स्प्रिंग टाइड’ आणि ‘नीप टाइड’. या ‘स्प्रिंग’चा वसंत ऋतूशी संबंध नाही, ते उसळणं आहे. कोएफिसिएन्ते हा साधारण २० ते १२० मधला आकडा. जितका मोठा तितका भरती-ओहोटीतला फरक मोठा. इंग्रजी वेळापत्रकांत असा आकडा नसतो, त्यामुळे ‘टायडल कोएफिशंट’ लिहून पहिल्या वेळी ‘मोठं उधाण’ अशा अर्थाचा खुलासा जोडा. गाळू नका. कान्ताब्रियाच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं. सकाळी जिथे शिकवणी झाली ती वाळू दुपारी पाण्याखाली असते.

प्रश्न : ‘आपला शोध विसरू नका.’ सामानाच्या यादीत हे वाक्य आलं आहे. कसला शोध?

उत्तर : ‘इनबेन्तो’ ना? स्पेनमधले सर्फर पायाला आणि फळीला जोडणाऱ्या दोरीला इनबेन्तो म्हणतात. इंग्रजीत ‘लीश’. पेरूत तिला ‘पीता’ म्हणतात. त्याच यादीत ‘पाराफिना’ असेल. तिला ‘पॅराफिन’ लिहू नका, ब्रिटिश वाचक रॉकेल आणेल. ‘वॅक्स’ लिहा, पाय घसरू नये म्हणून फळीवर चोळायचं मेण. ‘नेओप्रेनो’ म्हणजे ‘वेटसूट’, ‘कियास’ म्हणजे ‘फिन्स’. आणि ‘बुएन बान्यो’ म्हणजे छान आंघोळ नव्हे, ‘गुड सेशन’.

पेरूतल्या मजकुरात ‘ताब्ला’ हे खेळाचंच नाव असतं. फेलिपे पोमारनं १९६५ मध्ये पुन्ता रोकासला सर्फिंगचं जागतिक विजेतेपद मिळवलं. त्याला ‘काम्पेओन दे ताब्ला’ म्हटलेलं दिसलं तर ‘सर्फिंग चँपियन’ लिहा, ‘बोर्ड चँपियन’ नको. लाटांचं रक्षण करणारा पेरूचा कायदा, क्रमांक २७२८०, सन २०००, ‘रोम्पिएन्तेस’बद्दल बोलतो. शब्दकोश तिथे ‘रीफ’ सुचवेल. तिथे हवं ‘सर्फ ब्रेक्स’. खडक असो वा वाळू, लाट जिथे नेमानं चांगली फुटते ती जागा.

प्रश्न : चिलीतल्या पिचिलेमूजवळच्या ‘पुन्ता दे लोबोस’ला मी ‘वुल्व्ह्ज पॉइंट’ केलं. मैत्रीण हसली. पण लोबो म्हणजे लांडगाच ना?

उत्तर : लांडगाच, पण समुद्राकाठी ‘लोबो’ दिसला की तो बहुतेक वेळा ‘लोबो मारीनो’ असतो. चिलीत तो ‘सी लायन’. फुएर्तेबेन्तुराच्या उत्तरेला ‘लोबोस’ नावाचं बेट आहे, तिथेही एक नावाजलेली लाट फुटते. त्या बेटाला नाव पडलं ते ‘माँक सील’वरून, कारण कॅनरी बेटांवर लोबो मारीनो म्हणजे माँक सील. बेटावरच्या त्या सीलची पुढे माणसानं शिकार करून करून पार सफाई केली. नाव तेवढं उरलं. तुम्ही ‘वुल्व्ह्ज’ लिहिलंत तर त्या प्राण्याची उरलीसुरली खूणही पुसली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. जागेचं नाव मूळचंच ठेवा, आणि लेखात जागा असेल तर कुठला प्राणी ते एका वाक्यात सांगा.

प्रश्न : ‘गालेर्ना’साठी ‘गेल’ योग्य वाटतं. उच्चारही जवळचा आहे.

उत्तर : उच्चारावर जाऊ नका. ‘गेल’ म्हणजे वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्ट श्रेणीतला आठवा क्रमांक, ३४ ते ४० नॉट. गालेर्ना हा कान्ताब्रियन समुद्राचा स्वतःचा प्रकार: उकाड्याचा, शांत दिवस असतो, आणि अचानक वारा पश्चिम-वायव्येकडे फिरून तुटून पडतो, तापमान झरकन उतरतं, समुद्र उसळतो. न सांगता येणं हाच त्याचा स्वभाव. १८७८ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या आदल्या शनिवारी आलेल्या गालेर्नात तीनशेहून जास्त मच्छीमार बुडाले. ऑगस्ट १९१२ च्या गालेर्नात शंभराहून जास्त गेले, त्यात बेर्मेओ या मच्छीमार बंदराचे सगळ्यांत जास्त. तिथल्या घरांमध्ये हा शब्द अजून हलक्या आवाजात घेतला जातो. शब्द ‘गालेर्ना’च ठेवा, पहिल्या वेळी ‘सडन व्हायलंट स्क्वॉल’ असा खुलासा द्या आणि पुढे नुसता शब्द वापरा. वाचक शिकतो.

प्रश्न : ‘साल्बाबीदास’ला विचारूनच पाण्यात उतरा, असं वाक्य आहे. जीवरक्षक जाकीटाला कसं विचारणार?

उत्तर : मजकूर पेरू किंवा चिलीचा असावा. तिथे साल्बाबीदास म्हणजे माणूस, ‘लाइफगार्ड’. स्पेनमध्ये त्याला ‘सोकोर्रीस्ता’ म्हणतात आणि साल्बाबीदास म्हणजे तरंगायची कडी किंवा जाकीट. अर्जेंटिनात तोच माणूस ‘ग्वार्दाबीदास’. एकाच पुस्तिकेत दोन्ही अर्थ आले असतील, तर प्रकाशकाला फोन करून विचारा, आज संध्याकाळीच.